पहिल्यांदाच एरिना कॉन्सर्टला जाताय? आधी सीटचा नकाशा उघडा

आवडत्या पॉप बँडची टूर जाहीर झाली की नवखा माणूस पहिला प्रश्न विचारतो, "स्टेजच्या सगळ्यात जवळचं तिकीट मिळेल का?" खरी गडबड इथूनच सुरू होते. एरिनात जवळ असणं, नीट दिसणं आणि नीट ऐकू येणं या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. तिन्ही एकत्र देणाऱ्या जागा थोड्या असतात, आणि त्या सगळ्यात महागड्या रांगेत असतीलच असं नाही. म्हणून या लेखात तिकीट कसं काढायचं यापेक्षा कुठलं काढायचं यावर जास्त बोललो आहे.

एरिना म्हणजे छप्पर असलेलं, चारही बाजूंनी पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत जाणाऱ्या खुर्च्यांचं बंदिस्त सभागृह. न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन किंवा लंडनचं ओटू घ्या, दोन्हीकडे साधारण वीस हजार लोक मावतात. स्टेडियमचा मामला याहून मोठा आणि बहुतेकदा उघड्यावरचा. १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्सनी ५५ हजारांहून जास्त लोकांपुढे गाणी म्हटली, तेव्हा किंकाळ्यांच्या गदारोळात प्रेक्षकांना गाणी धड ऐकू येत नव्हती आणि खुद्द बँडलाही स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता. तेव्हापासून तंत्र कुठल्या कुठे गेलंय. तरीही निवडायची संधी असेल तर मी स्टेडियमपेक्षा एरिनाच निवडेन. वाऱ्याने आवाज भरकटत नाही, पावसाची धास्ती नाही, आणि सगळ्यात वरच्या रांगेतूनही गाणारा माणूस माणसाएवढाच दिसतो, ठिपक्याएवढा नाही.

तारीख आणि शहर

टूरच्या अगदी पहिल्या रात्री नाट्य असतं, पण घडी बसलेली नसते. दिव्यांचे इशारे, कपडे बदलायचा वेळ, गाण्यांचा क्रम हे सगळं पहिल्या काही प्रयोगांत हलत राहतं. त्यानंतरच्या तारखांना कार्यक्रम घोटीव झालेला असतो. गाण्यांची यादी आधीच कळू नये असं वाटत असेल तर मात्र सुरुवातीच्याच तारखा घ्या, कारण पहिला प्रयोग संपायच्या आत संपूर्ण सेटलिस्ट इंटरनेटवर आलेली असते.

एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. मोठे बँड एका शहरात आधी एकच तारीख जाहीर करतात आणि दुसरी, तिसरी राखून ठेवतात. पहिली संपत आली की 'प्रचंड मागणीमुळे' नवी तारीख येते. तेव्हा पहिल्या तासात तिकीट हुकलं म्हणून लगेच कुणाकडून चढ्या भावाने घेऊ नका.

तिकिटाच्या दिवसाआधी

खातं आधीच उघडा, फोन नंबर पडताळून घ्या, कार्ड आधीच जोडून ठेवा, आणि बँकेचा ओटीपी ज्या फोनवर येतो तो हाताशी ठेवा. प्रीसेल, म्हणजे सर्वसामान्य विक्रीआधीची खास विक्री, असेल तर तिचा कोड बहुधा बँडच्या मेलिंग लिस्टवर, फॅन क्लबमधून किंवा एखाद्या कार्ड कंपनीमार्फत मिळतो. नोंदणीची मुदत विक्रीच्या कितीतरी दिवस आधी संपते, आणि नवखे नेमके इथेच मागे पडतात.

विक्री सुरू होण्याआधी बहुतेक ठिकाणी ऑनलाइन प्रतीक्षालय उघडतं. ठरलेल्या वेळेआधी तिथे हजर असलेल्या सगळ्यांना रांगेतला क्रमांक सहसा सोडतीने दिला जातो. म्हणजे दोन तास आधी येऊन बसलात काय आणि दहा मिनिटं आधी आलात काय, फरक पडत नाही. उशिरा आलात तर मात्र शेवटी. एकदा क्रमांक मिळाला की पान रिफ्रेश करू नका आणि एकाच खात्याने चार खिडक्या उघडू नका, यंत्रणेला तुम्ही बॉट, म्हणजे आपोआप तिकिटं उचलणारा प्रोग्राम, वाटाल.

एवढं करूनही कोलमडायचं ते कोलमडतंच. १५ नोव्हेंबर २०२२ रोजी टेलर स्विफ्टच्या इराज टूरची प्रीसेल सुरू झाली, तेव्हा तिकिटं विकणाऱ्या टिकिटमास्टर कंपनीच्या यंत्रणेवर ३.५ अब्ज विनंत्या आदळल्याचं कंपनीनेच सांगितलं. सर्वसामान्यांसाठीची विक्री मग रद्दच झाली आणि प्रकरण अमेरिकेच्या सिनेटसमोर गेलं. स्क्रीन गोठली तर तो तुमच्या नेटचा दोष असेलच असं नाही, इतकंच यातून घ्यायचं.

रांगेत असतानाच किंमत बदलू शकते, हेही माहीत असू द्या. ३१ ऑगस्ट २०२४ ला ओएसिस बँडच्या पुनर्मीलनाची तिकिटं विकायला निघाली. तासन्‌तास थांबून खिडकीपाशी पोचलेल्या लोकांना उभ्याने बघायचं तिकीट मूळ दराच्या दुपटीहून महाग दिसलं. मागणीनुसार दर चढवायच्या या पद्धतीवर ब्रिटनमध्ये मोठा गहजब झाला. यावर उपाय एकच: विक्रीच्या आदल्या रात्री शांत डोक्याने आपली कमाल रक्कम ठरवायची आणि कागदावर लिहून ठेवायची. घड्याळ उलटं मोजत असताना माणूस काहीही मान्य करतो.

तिकीट मिळालंच नाही तर? अधिकृत रीसेलवर, म्हणजे ज्यांना जमणार नाही त्यांच्या तिकिटांच्या फेरविक्रीवर, लक्ष ठेवा. समाजमाध्यमांवरच्या 'एक जास्तीचं आहे' वाल्यांपासून लांब राहा. आता बऱ्याच एरिनांत तिकिटाचा बारकोड ॲपमध्ये दर काही सेकंदांनी बदलतो, त्यामुळे कुणी पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर दारातून आत सोडत नाहीत. तिकीट ॲपमधून तुमच्या खात्यात ट्रान्सफर झालं तरच ते तुमचं.

आणि हा माझा सगळ्यात आवडता मार्ग. विक्री सुरू होते तेव्हा स्टेज, स्पीकर आणि कॅमेरे नेमके कुठे येणार हे त्या त्या एरिनापुरतं पक्कं नसतं. म्हणून काही सीट राखून ठेवतात. ट्रक येऊन सांगाडा उभा राहिला, अमुक रांगेतून स्टेज अडत नाही अशी खात्री झाली, की त्या सीट मोकळ्या करतात. कार्यक्रमाच्या दोनतीन दिवस आधीपासून अगदी त्या दिवशी दुपारपर्यंत अधिकृत साइट पुन्हापुन्हा बघत राहा. शेवटच्या क्षणी मूळ दरात उत्तम जागा हाती लागू शकते. गर्दी तोवर हिरमुसून निघून गेलेली असते.

आता नकाशा

सीटचा नकाशा उघडला की आधी स्टेज कुठल्या प्रकारचं आहे ते बघा. नेहमीचा प्रकार म्हणजे सभागृहाच्या एका टोकाला स्टेज. त्यातून पुढे प्रेक्षकांत घुसणारा लांब रॅम्प आणि त्याच्या टोकाला छोटं दुसरं स्टेज, ज्याला सगळे बी-स्टेज म्हणतात. पॉप बँड संथ, गिटारवरची गाणी बहुधा इथे येऊन गातात. त्यामुळे नकाशावर 'मागची' दिसणारी सीट रात्रीच्या तिसऱ्या भागात अचानक पहिल्या रांगेतली होते. नकाशात रॅम्प दाखवलेला नसेल तर टूरच्या आधीच्या शहरातले फोटो शोधा. बांधणी तीच असते.

दुसरा प्रकार म्हणजे मधोमध स्टेज आणि चहूबाजूंनी लोक. बॅकस्ट्रीट बॉईजनी १९९९ ची इनटू द मिलेनियम टूर अशीच केली होती. यात वाईट सीट फारशी नसते, पण कलाकार निम्मा वेळ तुमच्याकडे पाठ करून असणार हे धरून चाला. यूटूने २०१५ च्या टूरमध्ये याहून निराळा डाव टाकला: सभागृहाच्या लांबीभर पसरलेलं स्टेज, वर दोन्ही बाजूंनी बघता येईल असा लांबलचक पडदा, आणि स्पीकर स्टेजच्या दोन बाजूंना न टांगता छतभर पसरलेले. अशा मांडणीत लांबीच्या बाजूला बसणाऱ्यांची चंगळ.

आता 'फ्लोअर'. खालच्या सपाट जमिनीवर मांडलेल्या खुर्च्या सगळ्यात महाग असतात आणि माझ्या मते सगळ्यात फसव्या. जमीन सपाट असते, चढ नसतो. पहिलं गाणं सुरू झालं की सगळे उभे राहतात, आणि तुमची उंची बेताची असेल तर पुढचे दोन तास समोरच्याच्या मानेचा अभ्यास. पहिल्या पाचसहा रांगा मिळत असतील तर ठीक. पंधराव्या रांगेसाठी तेवढे पैसे मोजण्यापेक्षा बाजूच्या खालच्या मजल्यावरची, जमिनीपासून थोडी वर उचललेली सीट घ्या. स्टेजच्या रेषेच्या जरा पुढे, तिरक्या कोनात. तिथून चेहरे दिसतात, नाचाची रचना दिसते, आणि समोरचा उभा राहिला तरी चढामुळे अडत नाही.

स्टेजच्या रेषेच्या मागे मात्र जाऊ नका. 'मर्यादित दृश्य' असं तिकिटावर लिहिलेलं असेल तर ते खरं माना. कलाकार जवळून दिसेल, पण त्याच्या मागचा मोठा पडदा तुम्हाला कडेने दिसेल, म्हणजे दिसणारच नाही. पॉप टूरचा अर्धा जीव त्या पडद्यात असतो.

कुठे बसून चांगलं ऐकू येतं

स्टेजच्या दोन बाजूंना छतातून खाली लोंबणाऱ्या, तळाशी आत वळलेल्या स्पीकरच्या लांब माळा तुम्ही फोटोत पाहिल्या असतील. त्यांना लाइन ॲरे म्हणतात. १९९० च्या दशकात फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ क्रिस्तियान हाइल यांच्या व्ही-डॉस्क प्रणालीपासून ही पद्धत मोठ्या कार्यक्रमांत रुळली. माळेतला प्रत्येक खोका एका ठरावीक अंतरावर रोखलेला असतो: वरचे खोके लांबच्या वरच्या रांगांकडे, तळाचे जवळच्यांकडे. म्हणून वरच्या मजल्यावरही शब्द स्पष्ट पोचतात. आणि म्हणूनच अगदी स्टेजला खेटून उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावरून मुख्य आवाज निघून जातो. त्याच्या वाट्याला येतात ते स्टेजच्या कडेला ठेवलेले छोटे स्पीकर आणि जमिनीवरच्या सबवूफरची (फक्त खर्ज वाजवणाऱ्या स्पीकरची) छातीवर बसणारी धडधड. बॅरिकेडला, म्हणजे स्टेजपुढच्या कठड्याला, लटकून बघण्यात मजा आहे, नाही कोण म्हणतो? पण ती मजा ऐकण्याची नव्हे.

मग उत्तम आवाज कुठे? जिथे साउंड इंजिनिअर बसतो तिथे. फ्लोअरच्या मागच्या भागात, साधारण मधल्या रेषेवर एक कुंपण घातलेला चौकोन दिसेल. त्यात मिक्सिंग कन्सोल (सगळे आवाज जुळवायचा बटणांचा फलक) असतो, तिथेच सहसा दिव्यांचाही. तो माणूस स्वतःच्या कानाला जे ऐकू येतं त्यावरून सगळा आवाज बांधतो. त्या चौकोनाच्या जवळची किंवा त्याच्या मागची, पण चढावरची जागा मिळाली तर डोळे मिटून घ्या. नकाशावर हा चौकोन बहुधा 'मिक्स' किंवा 'एफओएच' (फ्रंट ऑफ हाउस) असा लिहिलेला असतो. फक्त त्याच्या अगदी पाठीमागे सपाट फ्लोअरवर बसू नका, कन्सोलचा मांडव आणि पडदे आडवे येतात.

ठोका अंगावर घ्यायला आवडत असेल तर मधली रेषा धरा. डाव्या-उजव्या सबवूफरचा आवाज मध्यरेषेवर एकाच वेळी पोचून एकमेकांत मिसळतो, तिथे बेस सगळ्यात जाड लागतो. चार पावलं बाजूला सरकलं तरी फरक कळतो. बेसने डोकं दुखणाऱ्यांनी याच्या उलट करावं.

लांब बसलात तर आणखी एक गंमत. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे सत्तर मीटरवर बसलेल्याला तो एक पंचमांश सेकंद उशिरा पोचतो. ड्रमरची काडी आधी पडते, ठोका मागून येतो. पडद्यावरच्या चित्रालाही यंत्रणेतून येताना किंचित उशीर लागतो. त्यामुळे ओठ आणि शब्द जुळत नाहीत असं दिसलं म्हणून बँड लिपसिंक करतोय असा निकाल लगेच देऊ नका.

उभ्याने बघायचं असेल तर

उभ्याच्या जागेला क्रमांक नसतो, आधी येईल तो पुढे. म्हणून काही मंडळी पहाटेपासून दारात ठाण मांडतात. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. तुम्हीही जाणार असाल तर एरिनाचा नियम आधी बघा. कित्येक ठिकाणी ठरावीक वेळेआधी रांग लावूच देत नाहीत, आणि उभ्याच्या भागात लहान मुलांना बहुधा वयाची अट असते.

क्रमांक नसलेल्या जागेचा धोका किती खरा आहे हे ३ डिसेंबर १९७९ ला सिनसिनाटीत दिसलं. द हू बँडच्या कार्यक्रमाआधी रिव्हरफ्रंट कोलोसियमच्या बाहेर हजारो लोक जमले होते आणि मोजकीच दारं उघडली गेली. आतून वाजण्याचा आवाज आल्यावर कार्यक्रम सुरू झाला असं वाटून गर्दी पुढे रेटली गेली. अकरा जण गेले. गर्दीत मृत्यू बहुतेकदा तुडवलं जाऊन नव्हे, तर छातीवर दाब येऊन श्वास कोंडल्यामुळे होतो. म्हणून हे लक्षात असू द्या: चारही बाजूंनी लोक अंगाला लागले आणि हात खाली अडकले असं वाटताच, बॉक्सरसारखे हात छातीसमोर आणा, पाय जमिनीवर रोवा, रेट्याच्या विरुद्ध झुंजू नका आणि लाटेच्या मधल्या क्षणांत तिरकं तिरकं कडेला सरका. काही खाली पडलं तर वाकू नका, फोन असला तरी. बॅरिकेडपलीकडचे सुरक्षारक्षक तुम्हाला वर उचलून बाहेर काढू शकतात. हात वर करून त्यांना खूण करायला लाजू नका.

कान

याबाबत मी हटवादी आहे: इअरप्लग न्याच. कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणारी अमेरिकेतली नायॉश ही संस्था ८५ डेसिबलला दिवसाचे आठ तास अशी मर्यादा सांगते, आणि दर ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मा करते. म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमस्थळांसाठी जो निकष दिला, त्यातही पंधरा मिनिटांच्या सरासरीची वरची मर्यादा १०० डेसिबलच आहे. फ्रान्समध्ये कायद्याने १०२ ची मर्यादा असून प्रेक्षकांना इअरप्लग मोफत उपलब्ध ठेवावे लागतात. कार्यक्रम चालतो दोन-अडीच तास. गणित तुम्हीच करा.

फोमचे स्वस्त बोळे वरच्या पट्टीचे स्वर जास्त खातात, त्यामुळे गाणं गोधडीतून ऐकल्यासारखं लागतं. संगीतासाठी मिळणारे फिल्टरवाले इअरप्लग आवाज सगळ्या पट्ट्यांत बराचसा सारखा उतरवतात, शब्द उलट जास्त स्वच्छ कळतात. पहिल्या गाण्याआधीच घाला. मध्येच घातले तर सगळं मंद वाटतं आणि पाच मिनिटांत काढून टाकाल. मुलं बरोबर असतील तर त्यांना कानांवर बसणारे मफ हवेत, बोळे लहान कानांत टिकत नाहीत.

त्या दिवशी

पिशवीच्या मापाचा नियम एरिनाच्या साइटवर वाचा. कुठे ए-४ कागदाएवढीच चालते, कुठे पारदर्शकच लागते. मोठा कॅमेरा, सेल्फी स्टिक, काचेची बाटली घरीच. फोन पूर्ण चार्ज, छोटी पॉवर बँक खिशात, आणि तिकीट घरातून निघण्याआधी फोनच्या वॉलेटमध्ये उतरवलेलं. दारापाशी हजारो फोन एकाच टॉवरवर लटकलेले असतात, तिथे ॲप उघडेलच याची हमी नाही. त्याच कारणाने सोबत्यांशी भेटायची जागा आधीच ठरवा: दाराचा क्रमांक, खांबाचा क्रमांक, जे काही बदलणार नाही ते.

तिकिटावरची वेळ काय सांगते तेही बघा. ती बऱ्याचदा दारं उघडायची असते. त्यानंतर तासाभराने ओपनिंग ॲक्ट (मुख्य बँडआधी गाणारे कलाकार), मग स्टेज बदलायला अर्धा तास, मग मुख्य बँड. टी-शर्ट घ्यायचा असेल तर ओपनिंग ॲक्ट सुरू असताना किंवा त्याआधी. स्टेज बदलण्याच्या अर्ध्या तासात तिथेही आणि स्वच्छतागृहातही सगळे एकदम जातात. ओपनिंग ॲक्ट सरसकट टाळू नका मात्र. त्यांचं एखादं गाणं आदल्या दिवशी ऐकून गेलात तर ती पाऊण तासाची वेळ बरी जाते.

चकाकत्या दिव्यांचा त्रास किंवा अपस्माराची प्रवृत्ती असेल तर एरिनाला आधी फोन करून विचारा. व्हीलचेअरच्या किंवा न चढता पोचता येणाऱ्या सीट अनेकदा वेगळ्या मार्गाने विकतात, सर्वसाधारण रांगेत थांबून त्या सापडत नाहीत.

दिवे मालवल्यावर

हातात बांधायचा दिव्यांचा पट्टा दिला तर बांधा. कोल्डप्लेने २०१२ च्या टूरमध्ये रेडिओने चालणारे असे पट्टे वाटले आणि प्रेक्षकच रोषणाईचा भाग झाले. आता अनेक टूरमध्ये ते अवरक्त किरणांनी चालतात, म्हणून बाहीखाली झाकले तर पेटत नाहीत. काही टूरमध्ये जाताना ते परत द्यायचे असतात. के-पॉप म्हणजे कोरियन पॉप बँडच्या कार्यक्रमात लाइटस्टिक (हातात धरायची दिव्याची कांडी) स्वतः विकत घ्यावी लागते. ती ब्लूटूथने फोनला जोडून त्यात आपला सीट क्रमांक टाकायचा, मग तुमच्या रांगेचा रंग कन्सोलवरून बदलतो. हे जोडणं दिवे मालवायच्या आत उरका, सेल नवे घाला.

व्हिडिओ एकदोन गाण्यांचे पुरे. फोन छातीच्या उंचीला धरा, डोक्यावर नाही, मागच्याने तुमच्या स्क्रीनमधून कार्यक्रम बघायला पैसे दिलेले नाहीत.

शेवटचं गाणं झालं, बँड आत गेला आणि दिवे लागले नाहीत तर जागेवरच थांबा, एन्कोर, म्हणजे बँडने परत येऊन म्हणायची जादा गाणी, बाकी आहे. सभागृहाचे दिवे भसकन लागले की संपलं. वेळेची मर्यादा बऱ्याच ठिकाणी कडक असते. जुलै २०१२ मध्ये लंडनच्या हाइड पार्कात ब्रूस स्प्रिंगस्टीन आणि पॉल मॅकार्टनी एकत्र गाऊन प्रेक्षकांचे आभार मानायच्या आत वेळ संपली म्हणून आयोजकांनी आवाज तोडला होता. तेव्हा परतीची शेवटची गाडी कधी आहे ते आधीच बघून ठेवा आणि परतीचं तिकीट जातानाच काढा.

बाहेर पडताना दोन पर्याय आहेत: एन्कोरच्या शेवटच्या गाण्याला दाराशी जाऊन उभं राहायचं, नाहीतर पंधरावीस मिनिटं सीटवरच बसून राहायचं. मी दुसरा सुचवेन, कारण स्टेज उतरवताना बघणं हा तिकिटात न सांगितलेला भाग आहे. सुरक्षारक्षक उठवेपर्यंत बघा: दिव्यांचे सांगाडे साखळीच्या मोटरवर खाली येतात, स्पीकरच्या माळा सुटतात, चाकांच्या पेट्या रॅम्पवरून ट्रककडे पळतात. पुढच्या शहरात सकाळी हेच सगळं परत वर चढवायचं असतं.

घरी आल्यावर कानांत शीळ वाजत असेल तर रात्रभर शांतता ठेवा, हेडफोन लावू नका. दुसऱ्या दिवशीही ती थांबली नाही किंवा एका कानाने कमी ऐकू येतंय असं वाटलं, तर आठवडाभर वाट न बघता कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. अचानक कमी झालेल्या ऐकण्यावर उपचार जितके लवकर सुरू होतील तितकी सुधारण्याची शक्यता जास्त असते.